बारा अंड्यांचं इन्क्युबेटर मशीन, तीन महिने वापरून लिहितेय (ठाणे)

आधीच सांगते, लांबलचक लिहिणार आहे, कारण घ्यायच्या आधी मी खूप शोधलं तेव्हा मराठीत काहीच हाताला लागलं नाही आणि इंग्रजीत जे होतं ते सगळं थंड देशातल्या लोकांचं, त्यांची हवा वेगळी आपली वेगळी. मी ठाण्यात वर्तकनगरला राहते, घरीच अकरावी-बारावीची बायोलॉजीची बॅच घेते, बारा मुलं आहेत. दरवर्षी गर्भाच्या वाढीचा धडा आला की मुलं मोरुला, ब्लास्टुला, गॅस्ट्रुला घोकतात, आकृतीला नावं देतात, मार्क घेतात आणि परीक्षा झाली की सगळं पुसून टाकतात. मला ते कितीतरी वर्षं खुपत होतं. म्हणून मे महिन्यात हे कोंबडीची बारा अंडी उबवायचं छोटं मशीन ऑनलाइन मागवलं, साडेचार हजारांच्या आत पडलं.

मशीन म्हणजे काय तर प्लास्टिकचा डबा, वर पारदर्शक झाकण, झाकणात छोटा पंखा आणि हीटर, आत अंडी ठेवायचा ट्रे जो मोटरवर दर दोन तासांनी हळूच कलतो, खाली पाण्याचे दोन कप्पे आणि बाहेर तापमानाचा डिस्प्ले. पंख्याचा आवाज अगदीच कमी, हॉलमध्ये ठेवलं तरी झोपमोड होत नाही. ट्रे मात्र मोठ्या अंड्यांसाठी बनवलाय, आपली गावठी अंडी त्यात सैल बसतात आणि ट्रे कलला की टकटक आपटतात, मी प्रत्येक खाचेत सुती कापडाची पट्टी घातली.

दुकानातली अंडी चालत नाहीत हे पहिल्यांदा लक्षात घ्या. ती फलित नसतात, कितीही ऊब द्या काही होणार नाही. माझं माहेर मुरबाडकडचं, आईकडे कोंबड्या आणि एक कोंबडा आहे, तिथून भावाने दहा अंडी भुश्यात घालून एसटीने आणून दिली. एक दिवस टोक खाली करून तशीच ठेवली आणि मग मशीनमध्ये लावली.

आता मुख्य तक्रार. डिस्प्लेवर ३७.७ दाखवत होतं, कोंबडीच्या अंड्याला ३७.५ च्या आसपास पाहिजे म्हणजे सगळं ठीक असं मी धरून चालले. सहाव्या दिवशी अंधार करून अंड्याखाली टॉर्च धरला तर एकाही अंड्यात रक्तवाहिन्यांचं नीट जाळं नाही. चारपाच अंड्यांत आत नुसतं लाल कडं, बांगडीसारखं. हे रक्ताचं कडं म्हणजे गर्भ सुरू झाला, रक्तवाहिन्या तयार व्हायला लागल्या आणि तो मेला, रक्त कडेला सरकून गोल होऊन बसलं. मला फार वाईट वाटलं, मुलांसमोर तर जास्तच. मग घरातलं तापाचं डिजिटल थर्मामीटर आत ठेवून बघितलं तर ३९.२. दीड डिग्री जास्त! विक्रेत्याला फोटोसकट मेसेज केले, एकदा 'मशीन चेक करून पाठवलंय' एवढंच उत्तर आलं, नंतर काहीच नाही. शेवटी सेटिंगमध्ये तापमान कॅलिब्रेट करायचा ऑप्शन मीच शोधून काढला, तो पुस्तिकेत कुठेच लिहिलेला नाही. त्यामुळे कोणत्याही कंपनीचं घ्या पण अंडी लावायच्या आधी दोन दिवस रिकामं चालवा आणि तापाच्या थर्मामीटरने पडताळा. ही एक गोष्ट मला कुणी सांगितली असती तर ती दहा अंडी वाया गेली नसती.

दुसरी बॅच जूनच्या शेवटी लावली, पुन्हा दहा. या वेळी मी एक जादाचं अंडं मुलांसमोर आधीच ताटलीत फोडलं, न उबवलेलं, आणि शेजारी दुकानातलं एक फोडलं. दोन्हीच्या बलकावर पांढरा ठिपका असतो पण फलित अंड्यातला ठिपका नीट गोल, कडेला रिंग असलेला दिसतो. तो ठिपका म्हणजेच पुढचं पिल्लू. अंडं घातलं जातं तेव्हाच त्यात हजारो पेशी झालेल्या असतात, कारण वाढ कोंबडीच्या पोटात असतानाच सुरू होते, बाहेर आल्यावर गार झालं की थांबते आणि ऊब मिळाली की परत चालू. आमच्या आईला हे आपलं आपण माहीत आहे, ती म्हणते कोंबडी खुडूक बसेपर्यंत अंडी आठवडाभर राहिली तरी चालतात, 'ती झोपलेली असतात'.

मग माझ्या बॅचमधल्या एका मुलीने जो प्रश्न विचारला त्यासाठीच मी हे मशीन घेतलं असं म्हणायला हरकत नाही. ती म्हणाली, मॅडम, प्रत्येक पेशीत तेच डीएनए, तेच सगळे जीन, मग डोळा डोळ्याच्या जागी आणि पाय पायाच्या जागी कसा होतो, कुणाला कळतं कुठे काय करायचं?

आपल्याला शाळेत सांगतात जीन म्हणजे नकाशा. मला ते पटत नाही. नकाशात घर कसं दिसेल ते काढलेलं असतं, जीनमध्ये पिल्लाचं चित्र कुठेच नसतं. जीन म्हणजे जास्त करून 'शेजारी अमुक सिग्नल आला तर हे प्रोटीन बनव, नाही आला तर गप्प बस' असला प्रकार. प्रत्येक पेशी फक्त आपल्या शेजाऱ्यापाजाऱ्यांचं ऐकते आणि त्यातून चोच होते, पंख होतो.

सगळ्यात सुंदर उदाहरण पाठीच्या मणक्यांचं. दुसऱ्या दिवशी गर्भाच्या मधल्या रेषेच्या दोन्ही बाजूंना पेशींचे ठोकळे बनायला लागतात, त्यांना सोमाइट म्हणतात, त्यातूनच पुढे मणके आणि स्नायू होतात. कोंबडीत हे ठोकळे बरोबर ९० मिनिटांना एक जोडी या वेगाने पडतात. पेशींच्या आत एक जीन दर ९० मिनिटांनी चालू-बंद होत असतो, घड्याळासारखा, आणि प्रत्येक फेरीला एक जोडी. १९९७ मध्ये ऑलिव्हिए पुर्किए यांच्या गटाने हे कोंबडीच्या गर्भातच दाखवलं. आमची बॅच दीड तासाची असते. मी मुलांना म्हटलं तुम्ही आलात तेव्हापासून आता उठेपर्यंत त्या प्रत्येक अंड्यात मणक्यांच्या ठोकळ्यांची एक जोडी नवीन पडली. सगळी एकदम मशीनकडे बघायला लागली. मी इतकी वर्षं शिकवतेय, अशी शांतता वर्गात कधी ऐकली नव्हती.

ठोकळे सगळे सारखेच, पण कुठला मानेचा आणि कुठला बरगडीचा हे हॉक्स जीन ठरवतात. कोंबडीच्या मानेत १४ मणके, माणसाच्या ७, उंदराच्या ७, जिराफाच्याही ७च. मान संपून छाती जिथे सुरू होते तिथेच ठराविक हॉक्स जीन चालू होतो, कोंबडीत तो खाली चालू होतो म्हणून मान लांब. हे जीन आधी सापडले माशीत. त्यातला एक जीन डोक्यात चुकून चालू झाला की मिशीच्या जागी चक्क पाय उगवतो. एडवर्ड लुईस, क्रिस्टियाने न्युसलाइन-फोलहार्ड आणि एरिक विशाउस यांना असल्याच माश्यांच्या कामासाठी १९९५ चं नोबेल मिळालं. आणि माशीचा जीन नि माणसाचा जीन इतके जवळचे निघाले की उंदराचा डोळ्याचा जीन माशीच्या पायात चालू केला तर तिथे डोळा येतो, अर्थात माशीचाच डोळा. हे ऐकून माझी सातवीतली लेक रात्री झोपेना.

चौथ्या दिवशी रात्री टॉर्च लावला. लाइट बंद, मोबाइलच्या टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी धरली आणि तिच्यावर अंडं टेकवलं. मशीनसोबत एक एलईडी येतो पण तो फारच मिणमिणता, मोबाइल बरा. आत लालसर उजेड पडला आणि त्यात कोळ्यासारखं जाळं, मध्ये टाचणीच्या टोकाएवढा ठिपका आणि तो उडत होता. टक टक टक. हृदय. दुसऱ्याच दिवशी सुरू झालेलं असतं, आपल्याला दिसायला चार दिवस लागतात. ४ नंबरचं अंडं पांढुरकं होतं त्यात सगळ्यात स्पष्ट दिसलं. लेकीने श्वास रोखून धरला होता, मी पण. दहातली दोन कोरी निघाली, एकात कडं होतं, सातांत हृदय चालू.

जिवंत अंडं मी फोडून दाखवत नाही, मुलांनी आग्रह केला तरी नाही. तज्ज्ञ लोक कवचाला छोटी खिडकी पाडून बघतात, त्यातूनच तर हे ज्ञान आलंय. आपल्याकडे पुणे विद्यापीठात लीला मुल्हेरकर यांनी कोंबडीच्या गर्भावर आयुष्यभर काम केलं, एडिंबरामध्ये वॉडिंग्टन या गर्भविकासाच्या शास्त्रज्ञाकडे शिकून आल्या आणि इथे हा विषय उभा केला. बारावीच्या पुस्तकात त्यांचं नाव हवं होतं असं मला मनापासून वाटतं.

अशा खिडकीतूनच पंखाचं कोडं सुटलं. तिसऱ्या दिवशी पंखाच्या जागी नुसता फुगवटा असतो. त्याच्या मागच्या कडेचा एक छोटा तुकडा उचलून दुसऱ्या गर्भाच्या फुगवट्यात पुढच्या कडेला लावला तर पंखाला बोटं दुप्पट येतात, आरशात बघितल्यासारखी उलटसुलट. तुकड्यातून काहीतरी पाझरतंय हे १९६८ लाच कळलेलं पण काय ते १९९३ मध्ये कळलं, सॉनिक हेजहॉग नावाच्या जीनचं प्रोटीन. जवळ असेल तिथे जास्त, लांब जाईल तसं कमी, आणि त्या जास्त-कमीवरून पेशी ठरवतात आपण कुठलं बोट. स्वयंपाकघरात फोडणी पडली की ओट्याशी उभ्या माणसाला ठसका आणि गॅलरीतल्याला नुसता वास, तसं. मी हेच सांगितलं मुलांना आणि कुणालाही परत सांगावं लागलं नाही. पायाचंही तसंच, आधी बोटांमध्ये पातळ पडदा असतो, मग सिग्नल येतो आणि पडद्याच्या पेशी आपणहून मरतात. बदकात तो सिग्नल अडवणारा जीन चालू राहतो म्हणून बदकाला पोहता येतं.

आता पावसाळ्याचं. ठाण्यात जुलैत घरात कपडे वाळत नाहीत, तिथे मशीनच्या कप्प्यात पाणी घालायचं म्हणजे जास्तीच होतं. अंड्याचं वजन अठराव्या दिवसापर्यंत साधारण १२-१३ टक्के कमी व्हायला हवं, पाणी उडून जातं आणि बोथट टोकाची हवेची पोकळी मोठी होते, पिल्लू शेवटी तिथेच पहिला श्वास घेतं. मी अठराव्या दिवसापर्यंत कप्पे कोरडे ठेवले आणि किचनच्या काट्यावर वजन घेत राहिले. ४ नंबरचं अंडं ४६ ग्रॅमचं होतं, अठराव्या दिवशी ४० भरलं. पुस्तिकेत पहिल्या दिवसापासून दोन्ही कप्पे भरा असं लिहिलंय, आपल्याकडे पावसात ते करू नका. बाराव्या दिवशी दोन तास लाइट गेली, मी मशीनवर गोधडी घातली आणि झाकण अजिबात उघडलं नाही, आत ३४ च्या खाली गेलं नाही. अंड्यांना काही झालं नाही. गार पडलेलं थोडा वेळ चालतं, तापलेलं चालत नाही, पहिल्या बॅचने हे शिकवलंच होतं.

या मधल्या आठवड्यात दिसायला फार काही नसतं, अंडं आत काळं होत जातं. तेव्हाच एका मुलाने विचारलं, मॅडम, तुमच्या आईची जी सगळ्यात जास्त अंडी देणारी कोंबडी आहे तिची झेरॉक्स निघेल का? तिथून दोन लेक्चर क्लोनिंगवरच गेली.

जुनी गोष्ट आधी सांगितली. हान्स स्पेमान नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलमँडरच्या जातीतल्या प्राण्याच्या अंड्याला आपल्या तान्ह्या बाळाच्या केसाने गाठ मारली, जावळाचा केस, त्याहून मऊ आणि बारीक दोरा कुठून आणणार. नीट मधोमध गाठ बसली तर एकाची दोन पिल्लं झाली. म्हणजे सुरुवातीच्या पेशीला अजून सगळं जमतं. मग प्रश्न आला की मोठ्या झालेल्या पेशीचं काय, कातडीच्या पेशीने बाकीचे जीन टाकून दिलेत की नुसते कुलपात ठेवलेत? जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या टॅडपोलच्या आतड्याच्या पेशीतलं केंद्रक, म्हणजे डीएनए असलेला भाग, काढलं, बेडकाच्या अंड्यात घातलं आणि त्यातून बेडूक झाला. म्हणजे कुलूपच. आणि किल्ली अंड्यातल्या रसात. या कामाला नोबेल मिळालं २०१२ मध्ये, पन्नास वर्षांनी, शिन्या यामानाका यांच्यासोबत, ज्यांनी अंड्याशिवाय नुसत्या चार जीननी तेच कुलूप उघडून दाखवलं.

क्लोन केलेली मेंढी डॉली सगळ्यांना माहीत असते पण आकडे माहीत नसतात. सहा वर्षांच्या मेंढीच्या कासेतली पेशी, २७७ अंड्यांवर प्रयत्न, २९ गर्भ जमले, १३ मेंढ्यांच्या पोटात ठेवले आणि ५ जुलै १९९६ ला एक कोकरू. पोटात वाढवणारी मेंढी काळ्या तोंडाची आणि डॉली पांढऱ्या तोंडाची, त्यामुळे ती कुणाची हे बघूनच कळत होतं. इतके कमी का जमतात? जुन्या पेशीच्या डीएनएवर 'मी कासेची' अशा रासायनिक खुणा बसलेल्या असतात, अंड्याला थोड्या वेळात त्या पुसायच्या असतात आणि बऱ्याचदा अर्ध्या राहून जातात.

आणि आपल्याकडे करनालला एनडीआरआय या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेत म्हशीचं क्लोनिंग हाताने करतात, याचा मला खरंच अभिमान वाटतो. सूक्ष्म सुयांची महागडी यंत्रं न वापरता मायक्रोस्कोपखाली बारीक ब्लेडने अंडपेशी कापून केंद्रकाचा भाग बाजूला करायचा आणि कातडीची पेशी जोडायची. २००९ च्या फेब्रुवारीत पहिलं पारडू झालं ते थोडेच दिवस जगलं, मग जूनमध्ये गरिमा, २०१० मध्ये गरिमा-२, आणि गरिमा-२ ला २०१३ च्या जानेवारीत महिमा झाली. २०२३ मध्ये तिथेच गीर गाईची गंगा.

मग कोंबडीची डॉली का नाही? कारण कोंबडीची अंडपेशी म्हणजे तो आख्खा बलक, एवढ्या मोठ्या, अपारदर्शक, हात लावला की फुटणाऱ्या गोळ्यातून केंद्रक शोधून काढायचं आणि दुसरं घालून परत कोंबडीच्या पोटात वाढवायचं, मेंढीसारखं ते जमत नाही. त्यामुळे पक्ष्यांत वेगळी वाट काढतात. गर्भात ज्या पेशींपासून पुढे अंडी आणि शुक्राणू होणार त्या आधी रक्तातून फिरत असतात, त्या रक्तातून काढून वाढवतात आणि दुसऱ्या गर्भात सोडतात. ती झेरॉक्स नव्हे, पण जात टिकवायला उपयोगी. आणि झेरॉक्स म्हणजे तरी हुबेहूब कुठे असते, २००१ मध्ये अमेरिकेत क्लोन केलेल्या मांजरीचे अंगावरचे रंग मूळ मांजरीपेक्षा वेगळे आले, जीन तेच असून.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद केलं, आता दोन्ही कप्पे पाण्याने भरले, ओलावा ७० च्या आसपास. विसाव्या दिवशी संध्याकाळी ४ नंबरच्या अंड्यातून चिवचिव ऐकू आली, कवच अजून आख्खं होतं. आईला व्हिडिओ कॉल लावला, ती म्हणाली आता हात लावायचा नाही कुणी, कितीही वेळ लागू दे, त्याचं ते येईल. रात्री अकराला पहिली चीर पडली. चोचीच्या टोकाला पांढरा दाणा असतो, फक्त कवच फोडण्यासाठी उगवलेला, नंतर गळून पडतो. पहाटे साडेचारला ते बाहेर आलं, ओलं, मान टाकलेलं, पायांना चारचार बोटं, मध्ये पडदा नाही. लेक म्हणाली आई, पडदा गेला.

सातातली पाच पिल्लं निघाली, दोन कवचातच गेली. दोन काळी, एक ठिपक्यांचं, दोन पिवळसर, एकाच कोंबड्याची असून. आठ दिवस खोक्यात बल्बखाली ठेवली आणि मग मुरबाडला पाठवली. फ्लॅटमध्ये पिल्लं पाळायचा विचार असेल तर हे मशीन घेऊ नका, आधी त्यांची सोय बघा.

घ्यावं का? शिकवणाऱ्याने, शाळेने नक्की घ्यावं. पाचातले साडेतीन स्टार देतेय, दीड कापला तो थर्मामीटर आणि पुस्तिकेसाठी, मोटर आणि पंख्याबद्दल तक्रार नाही, एकवीस दिवस न थांबता चालले. सोबत एक चांगलं थर्मामीटर आणि ओलावा मोजायचं छोटं मीटर वेगळं घ्या.

गणपतीनंतर तिसरी बॅच लावतेय. वर्तकनगर, लोकमान्यनगर, आजूबाजूच्या कुणाला मुलांना घेऊन हृदय बघायला यायचं असेल तर चौथ्या ते आठव्या दिवसात संध्याकाळी सात नंतर या, तेव्हा सगळ्यात छान दिसतं. अठराव्या दिवसानंतर मी कुणालाच झाकण उघडू देणार नाही.